अपवादाचें कौतुक

एखाद्या वकिलानें चाळिशी उलटल्यावर वकिली सोडून शेती धरली, एखादी गृहिणी मुलें हाताशीं आल्यावर महाविद्यालयांत जाऊन बसली, किंवा गिरणींत काम करणारा एखादा तरुण पुढें नामांकित अध्यापक झाला, म्हणजे त्याची हकीकत आपण मोठ्या आवडीनें वाचतों. ती मुलांना वाचून दाखवितों, ‘प्रयत्नांतीं परमेश्वर’ हें जुनें तात्पर्य तिच्या शेवटीं जोडतों, आणि समाधानानें दुसऱ्या कामाला लागतों. या आवडींत कांहीं वावगें आहे असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटणार नाहीं. तथापि या समाधानाचें थोडें पृथक्करण केलें, तर त्यांत एक विसंगति दिसून येते. ज्या साच्यांतून हीं माणसें मोठ्या कष्टानें बाहेर पडलीं, तो साचा घडविणारे आणि जपणारे आपणच असतों; आणि त्यांचें कौतुक करून झाल्यावरही तो साचा आपण जागचा हलवीत नाहीं. हें कसें होतें, आणि असल्या कौतुकाला नैतिकदृष्ट्या कितपत किंमत द्यावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम साचा म्हणजे काय, तें पाहूं. अनोळखी माणूस दिसतांच त्याचें वय, पेहराव, आडनांव, भाषा आणि धंदा यांवरून तो काय करूं शकेल व काय करूं शकणार नाहीं, याविषयीं आपण मनाशीं एक आडाखा बांधतों. आडाखा बांधणें हा स्वतः दोष नाहीं. आगगाडीच्या डब्यांत, बाजारांत, कचेरींत प्रत्येकाची मुळापासून चौकशी करीत बसलों तर व्यवहारच बंद पडेल. आडाखा हें एक अनुमान आहे, आणि अनुमान हें ज्ञानाचें मान्य साधन आहे. परंतु आपल्या नैयायिकांनीं त्याला एक मर्यादा घालून ठेविली आहे. अग्नि हें एक द्रव्य आहे, म्हणून तो थंड असला पाहिजे, असा युक्तिवाद कोणी कितीही नेटकेपणानें केला, तरी हात पोळतांच तो कोसळतो. प्रत्यक्षानें खोटें पाडलेल्या अशा हेतूला त्यांनीं ‘बाधित’ असें नांव दिलें आणि तो टाकून द्यावयास सांगितलें. समाजाचे आडाखे मात्र या नियमाला जुमानीत नाहींत. हात पोळला तरी अग्नि थंडच, फक्त हा एक निखारा अपवादात्मक, असें म्हणून ते पूर्ववत् चालू राहतात. नियमाविरुद्ध पुरावा समोर उभा राहिला कीं त्याला ‘अपवाद’ म्हणावें, आणि नियम सुखरूप ठेवावा, अशी ही युक्ति आहे. कौतुक हें त्या युक्तीचें गोड रूप होय.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, आडाखा फार दिवस मुरला म्हणजे त्याची आज्ञा होते. ‘या वयांत माणसें सहसा नवा धंदा धरीत नाहींत’ हें एक निरीक्षण झालें. त्यांतून ‘म्हणून यानें धरूं नये’ हा हुकूम केव्हां निघाला, तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. अनुमान चुकलें तर बिघडत नाहीं, तें दुरुस्त करतां येतें. आज्ञा मोडली तर मात्र शिक्षा होते, आणि ती शिक्षा ज्याला भोगावी लागते, त्याच्या सोसण्याचीच पुढें आपण गोष्ट सांगतों.

डॉक्टर रखमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८६४ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या मुलीचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. परंतु ती नांदावयास न जातां आई व सावत्र वडील यांच्याच घरीं राहिली. हे सावत्र वडील, डॉक्टर सखाराम अर्जुन, वैद्यकींत आणि वनस्पतिशास्त्रांत नांवाजलेले होते. १८८४ सालीं पतीनें मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. आपली पत्नी आपल्या घरीं नांदावयास यावी, एवढीच त्याची मागणी. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्ही यांनीं ती फेटाळली. अपिलांत तो निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, तिनें नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं आपला हक्क सोडला. पुढल्या वर्षीं त्या वैद्यकी शिकण्यासाठीं लंडनला गेल्या. १८९४ सालीं शिक्षण पुरें झालें, आणि त्यानंतर सुरत व राजकोट येथें स्त्रियांच्या रुग्णालयांतून त्यांनीं सुमारें पस्तीस वर्षें काम केलें.

आज ही हकीकत आपण अभिमानानें सांगतों. परंतु खटला चालू असतांना त्या काळच्या सुशिक्षित वर्गापैकीं पुष्कळांनीं, आणि त्यांत ‘केसरी’सारखें वजनदार पत्रही होतें, रखमाबाईंचा पक्ष धर्माला व कुटुंबसंस्थेला घातक ठरविला. हे लोक दुष्ट होते असें म्हणणें सोपें आहे, पण तें खरें नाहीं. त्यांतले कित्येक देशासाठीं झीज सोसणारे, विचारी आणि नि:स्वार्थी होते. त्यांच्यांत आणि आपल्यांत मुख्य फरक इतकाच कीं, या मुलीचें पुढें काय होणार तें आपल्याला ठाऊक आहे, त्यांना तें ठाऊक नव्हतें. मग प्रश्न असा उत्पन्न होतो: रखमाबाईंचा नकार त्या डॉक्टर झाल्यामुळें न्याय्य ठरला काय? समजा, त्यांना लंडनला जातां आलें नसतें, आणि आईच्या घरीं पुस्तकें वाचीत त्यांनीं सारें आयुष्य काढलें असतें, तर ज्या माणसाशीं आपल्या संमतीवांचून लग्न लागलें त्याच्या घरीं न जाण्याचा त्यांचा हक्क कमी झाला असता काय? याचें उत्तर उघड आहे. तो नकार १८८४ सालींच न्याय्य होता. त्याला पुढील पस्तीस वर्षांच्या रुग्णसेवेची साक्ष नको होती. परंतु आपण ही साक्ष मागतों. ‘पाहा, तिनें बंड केलें, पण त्याचें सोनें करून दाखविलें,’ असें आपण म्हणतों. आणि ज्यांना सोनें करून दाखवितां आलें नाहीं अशा असंख्य स्त्रियांचा नकार त्याच वाक्यानें नकळत हलका ठरवितों.

नियमाचें काय झालें, तेंही पाहण्यासारखें आहे. नांदण्याचा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगांत टाकण्याची तरतूद १९२३ सालीं कायद्यांतून गेली. असला हुकूम मागण्याची सोय मात्र राहिली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत, पति व पत्नी या दोघांनाही मागतां येईल अशा रूपांत, ती पुन्हां नोंदली गेली. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत नव्वद वर्षांच्या रखमाबाई निवर्तल्या. अपवादाला मान मिळण्यास आणि नियम बदलण्यास लागणारे काळ किती वेगळे असतात, हें यावरून कळावें.

दुसरा भ्रम कष्टांविषयींचा आहे. ‘तापल्यावांचून सोनें उजळत नाहीं’ ही उपमा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, दु:ख हें जणूं मोठेपणाचें बी आहे असें आपण धरून चालतों. या उपमेंत एक गोष्ट गाळलेली असते. मुशींत जें जळून गेलें त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं; जें उजळून बाहेर आलें तेवढेंच आपल्याला दिसतें, आणि त्यावरून आपण अग्नीची थोरवी गातों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचें उदाहरण घ्या. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेला हा मनुष्य मुंबईच्या कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत शिकला. गोध्र्यास त्यानें छायाचित्रें काढण्याचा धंदा मांडला. तेथें प्लेगमध्यें पत्नी व मूल गेलें. पुढें जादूचे प्रयोग झाले, पुराणवस्तु खात्यांत नोकरी झाली, ती सोडून ठसे व छपाई यांचा कारखाना झाला, तोही सुटला. १९११ सालीं, चाळिशी गांठलेल्या या गृहस्थानें ख्रिस्तचरित्रावरील चलच्चित्र पाहिलें आणि तो त्या नादाला लागला. डोळे बिघडले, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलें, लंडनला जाऊन यंत्र आणलें. आणि ३ मे १९१३ या दिवशीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. आज आपण फाळक्यांना अनेक कलांत पारंगत असें म्हणतों. १९११ सालीं त्यांच्याकडे पाहणाऱ्या व्यवहारी माणसाला ते एकाही धंद्यांत न टिकलेले गृहस्थ वाटले असते. दोन्ही वर्णनें एकाच माणसाचीं आहेत आणि दोन्ही त्याच घडामोडींवर आधारलेलीं आहेत. मध्यें पडलें तें फक्त यश. छायाचित्रण, जादू, ठसे, छपाई या सर्वांची एका ठिकाणीं गांठ पडणार होती, हें ती पडल्यावर सर्वांना दिसलें.

या चरित्रांतील प्लेगाचा प्रसंग सांगतांना पुष्कळ लेखक तो जणूं तपश्चर्येचा पहिला टप्पा होता अशा थाटानें सांगतात. परंतु प्लेगनें फाळक्यांना कांहींही शिकविलें नाहीं. त्यानें त्यांची बायको आणि मूल नेलें, इतकेंच. त्यांना घडविलें तें कलाशाळेनें, कलाभवनानें, त्यांच्या हाताच्या कसबानें आणि ज्यांनीं पैसा व विश्वास दिला त्यांनीं. दु:खाला गुरूचा मान देण्यांत एक सोय असते; मग खऱ्या साहाय्याची जबाबदारी कोणावर येत नाहीं. पुढें याच फाळक्यांचे शेवटचे दिवस नाशिकांत विपन्नावस्थेंत गेले, आणि १९४४ च्या फेब्रुवारींत ते वारले. त्यांच्या नांवाचें राष्ट्रीय पारितोषिक १९६९ सालीं सुरू झालें. तें योग्यच झालें. पण ज्या सन्मानाला त्याचा धनी गेल्यावर पंचवीस वर्षांनीं मुहूर्त सांपडतो, तो धन्यापेक्षां देणाऱ्याच्याच अधिक उपयोगी पडतो.

कष्टांचा हिशेब मांडावयाचा तर तो कोणीं भरला, हेंही विचारलें पाहिजे. फाळक्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने दिले, चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचें जेवणखाण पाहिलें, आणि रात्रीं बसून फितीला भोकें पाडण्याचें कामही केलें. धर्मानंद कोसंबी यांची गोष्ट याहून अवघड आहे. गोव्यांतल्या एका खेड्यांतील, शाळेचें शिक्षण फारसें न मिळालेला हा तरुण १८९९ सालीं बौद्ध धर्माच्या ज्ञानाच्या ओढीनें घराबाहेर पडला. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा तो हिंडला. अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकला, भिक्षु होऊन पालि शिकला. आणि पुढें फर्ग्युसन महाविद्यालयांत पालीचा अध्यापक झाला व हार्वर्डमध्यें ‘विसुद्धिमग्गा’च्या संशोधनासाठीं बोलावला गेला. मराठींत बुद्धाचा धर्म मुळांतून वाचून सांगणारा असा दुसरा माणूस त्या काळीं नव्हता. परंतु तो निघाला तेव्हां पत्नी बालाबाई आणि तान्ही मुलगी मागें राहिली होती, आणि त्यानंतरचीं कित्येक वर्षें त्यांनीं कशीं काढलीं, हें त्या प्रवासाच्या खर्चांतच धरलें पाहिजे. कोसंबींचें मोठेपण यानें कमी होत नाहीं. त्यांनीं स्वत: आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रांत घर सोडण्याची हकीकत लपविलेली नाहीं. मात्र साचा मोडण्याची किंमत मोडणारा एकटाच देतो, ही समजूत यानें खोटी ठरते. पुष्कळदां ती किंमत, ज्यांना कोणी विचारलेंच नाहीं, अशीं माणसें देतात.

येथें कोणी म्हणेल कीं, तुमचें म्हणणें दोन्हीं बाजूंनीं बोलण्यासारखें आहे. एकीकडे समाजानें साच्याबाहेर जाणाऱ्याला अडवूं नये असें म्हणतां, दुसरीकडे त्याच्या घरच्यांचें दु:ख पुढें करतां. मग कोणाच्याही मनांत कांहींही आलें तर त्याला उत्तेजन द्यावयाचें कीं नाहीं? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे.

साच्याबाहेर पाऊल टाकूं पाहणाऱ्याला आपण दोन प्रकारचे प्रश्न विचारूं शकतों. ‘तुला हें पेलेल काय? शिकवील कोण? तोंवर पोट कसें चालेल? तुझ्यावर अवलंबून असणाऱ्यांना तूं विचारलेंस काय?’ हे एका प्रकारचे प्रश्न झाले. ते त्या माणसाकडे पाहून विचारलेले आहेत, त्यांना उत्तर देतां येतें, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर त्याला थांबविण्याचाही अधिकार घरच्यांना पोंचतो. ‘आपल्या घराण्यांत असें कोणी केलें आहे काय? या वयांत हें शोभतें काय? बायकांचें हें काम आहे काय? लोक काय म्हणतील?’ हे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न. यांत समोरचा माणूस कोठेंच नाहीं. त्याच्याजागीं दुसरा कोणी उभा असता तरी ते तसेच विचारले गेले असते. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना आपण विवेक म्हणावें. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न हा साचा आहे. घरोघरीं हे दोन्ही प्रकार एकाच काळजीच्या सुरांत विचारले जातात, त्यामुळें मुलांना ते वेगळे काढतां येत नाहींत, आणि पुष्कळदां विचारणाऱ्यालाही येत नाहींत. पण ते वेगळे काढणें हें विचारणाऱ्याचें कर्तव्य आहे, कारण सत्ता त्याच्या हातीं असते.

हें कर्तव्य पाळतां येतें, याचें उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रांत सांपडतें. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या कलाशाळेंत गेले, आणि कांहीं रंग आपल्याला ओळखतां येत नाहींत असें आढळल्यानें चित्रकला त्यांना सोडावी लागली. मग ते यांत्रिक रेखाटन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेंत शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हां ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवास भावाबरोबर सायकलींचें दुकान चालविलें. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. आणि लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. येथवरची गोष्ट नेहमींच्या चिकाटीच्या गोष्टींसारखीच आहे. तिचा पुढला भाग कमी सांगितला जातो. त्या वाडीच्या आरंभीच्या मंडळींत शाळा अर्धवट सोडलेले तरुण यंत्रशाळेंतील जबाबदारीच्या जागांवर होते, आणि दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे रात्रीचा पहारा करीत होते.

किर्लोस्करांच्या सर्व उद्योगांत हा उद्योग मला अधिक मोलाचा वाटतो. दरोडेखोर हा पुढें विश्वासू पहारेकरी होईल, याची हमी त्या दिवशीं कोणी दिली नव्हती. तो तसा निघाला नसता तर लोकांनीं किर्लोस्करांना भोळे म्हटलें असतें. निकाल हातीं नसतांना त्यांनीं किल्ल्या दिल्या, आणि तसें करतांना माणूस पाहिला, त्याच्या नांवापुढची नोंद पाहिली नाहीं. त्यांना स्वत:ला एकदां अशाच नोंदीवरून मापण्यांत आलें होतें. तो अनुभव पुष्कळांना येतो. परंतु स्वत: वर चढल्यावर मागची शिडी काढून घेणारेही थोडे नसतात, आणि ‘आम्हीं सोसलें, तुम्हीही सोसा’ हें वाक्य आपल्याकडे जणूं अनुभवाचें सार म्हणून सांगितलें जातें.

यश मिळाल्यावर केलेल्या कौतुकाला नैतिक मोल फारसें नाहीं, हा या सर्व विवेचनाचा निष्कर्ष आहे. त्याला धैर्य लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, आणि त्यानें आपल्या घरांतील एकही रीत बदलत नाहीं. मोल आहे तें निकाल अज्ञात असतांना दिलेल्या मोकळिकीला. चाळिशींतला भाऊ नोकरी सोडून सुतारकामाची कार्यशाळा काढतों म्हणतो, विधवा वहिनी कायद्याच्या वर्गांत नांव घालते, मुलगा चार वर्षें शिकलेली विद्या बाजूला ठेवून दुसऱ्याच विद्येच्या मागें लागतो. तेव्हां आपल्यापुढें फाळके उभे आहेत कीं एक चुकणारा माणूस उभा आहे, हें सांगण्याचें कोणतेंही साधन आपल्यापाशीं नसतें. बहुतेक वेळां तो यांपैकीं कोणीच नसतो. तो थोडेंफार मिळवितो, थोडेंफार गमावतो, आणि त्याची गोष्ट कोणी लिहीत नाहीं.

त्यांतही ज्याचा प्रयत्न फसला त्याचा विचार सर्वांत अगोदर केला पाहिजे. दोन वर्षांनीं दुकान मोडून, कर्ज करून, तो परत येतो. त्या दिवशीं पंगतींत त्याचें पान कोठें मांडलें जातें, ‘आम्ही सांगत होतोंच’ हें वाक्य किती वेळां उच्चारलें जातें, आणि पुढल्या वर्षीं दुसऱ्या कोणी कांहीं नवें काढलें तर त्याच्यापुढें याचें नांव धाक म्हणून घेतलें जातें कीं काय, यावरून त्या घराची खरी वृत्ति ठरते. फसलेल्याला जेथें पूर्वीची जागा मिळते, तेथें पुढल्याला पाऊल टाकण्यास फारसें असामान्य धैर्य लागत नाहीं. आणि असामान्य धैर्य ज्यांच्यापाशीं नाहीं अशा सामान्य माणसांनाही आपल्या आवडीचें काम करण्याचा हक्क असावा, एवढेंच येथें मागणें आहे.